लाळेतलं कॉर्टिसॉल: अँटिबॉडी बदलू का?

मीनल_एमएस्सी: नमस्कार. प्रकल्पासाठी कॉर्टिसॉल या ताणाच्या हार्मोनचा इम्युनोसेन्सर, म्हणजे अँटिबॉडीने रेणू पकडून मोजणारा सेन्सर, करतेय. स्क्रीन प्रिंटेड कार्बन इलेक्ट्रोड, त्यावर सोन्याचे नॅनोकण, ईडीसी-एनएचएस या जोडरसायनांनी जोडलेली अँटिबॉडी, मोकळ्या जागा बीएसए या प्रथिनाने बंद. फेरी-फेरोसायनाइडच्या द्रावणात इम्पिडन्स, म्हणजे विद्युत अडथळा, मोजते. बफरमध्ये छान सरळ रेषा येते. लाळ टाकली की मात्र चार्ज ट्रान्सफर रेझिस्टन्स (इलेक्ट्रोडवरच्या इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीतला अडथळा) भलताच चढतो, अगदी मध्यरात्रीच्या, कॉर्टिसॉल कमी असलेल्या नमुन्यातही! गाईड म्हणतात अँटिबॉडी बदल. पण ती फार महाग आहे.

विद्युतअग्र: मीनल, इतक्यात बदलू नकोस. माझी पीएचडी याच विषयातली आहे, म्हणून कळकळीने सांगते. एका इलेक्ट्रोडवर कॉर्टिसॉलशी संबंध नसलेली साधी आयजीजी अँटिबॉडी लाव आणि तीच लाळ टाक. तिथेही रेझिस्टन्स चढला, तर ते म्युसिन हे लाळेतलं चिकट प्रथिन आणि इतर प्रथिनं चिकटल्यामुळे.

खरं सांगू? मला तुझ्या बफरमधल्या रेषेचीच जास्त काळजी वाटते. कॉर्टिसॉलचा रेणू ३६२ डाल्टनचा, अँटिबॉडी दीड लाखाची. एवढासा रेणू बसून अडथळा कितीसा वाढणार? कॉर्टिसॉलचा स्टॉक (मूळ दाट द्रावण) इथेनॉलमध्ये केला आहेस का? मग कॉर्टिसॉल न घालता, तेवढंच इथेनॉल असलेलं बफर त्याच क्रमाने टाक, तेवढाच वेळ ठेव, धू आणि मोज. नुसत्या वेळेनेही थर बदलतो. शिवाय फेरी-फेरोसायनाइड सोन्याला हळूहळू खातं.

मीनल_एमएस्सी: हो ताई, इथेनॉलच आहे. कोरं बफर एकदाच, सुरुवातीला घेतलं होतं. मग सँडविच पद्धत, म्हणजे रेणू दोन अँटिबॉडींच्या मध्ये पकडायची, ती करू का?

विद्युतअग्र: नाही, टीएसएच किंवा एचसीजीसारख्या मोठ्या हार्मोनला ती उत्तम. कॉर्टिसॉलवर दोन अँटिबॉडी एकाच वेळी बसायला जागाच नाही. स्पर्धात्मक पद्धत घे: एचआरपी हे एन्झाइम जोडलेलं कॉर्टिसॉल नमुन्यात मिसळ, दोघांना अँटिबॉडीसाठी झगडू दे, धू, मग त्या एन्झाइमसाठी टीएमबी हे रसायन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घालून करंट मोज. नमुन्यात कॉर्टिसॉल जास्त, तर करंट कमी. एन्झाइममुळे संकेत कैकपट वाढतो, त्यामुळे लाळ पातळ करूनही मोजता येते.

लॅबवाले_काका: थोडी भर घालतो, मी पॅथॉलॉजीत आहे. लाळ गोठवून, वितळवून सेंट्रिफ्यूज कर, म्युसिन बरंच खाली बसतं. हिरड्यांतून रक्त येत असेल तर तो नमुना घेऊ नकोस, रक्तात कॉर्टिसॉल लाळेपेक्षा कितीतरी जास्त असतं. देणाऱ्याला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड औषध चालू आहे का, हेही विचार. बऱ्याच अँटिबॉडी त्यालाही धरतात. आणि नमुन्यावर उठल्याची वेळ लिही. उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पातळी शिखरावर जाते, ती वेळ नसेल तर आकड्याचा अर्थच लागत नाही.

मीनल_एमएस्सी: उद्या आधी आयजीजीचा आणि इथेनॉलवाल्या कोऱ्या बफरचा इलेक्ट्रोड लावते. दोन्ही आलेख इथेच टाकेन.