नॉस्टिक लोक शाकाहारी होते, मान्य. पण भाजी कोण चिरत होतं?

पडवळ (धागाकर्ता)

आमच्या ध्यानवर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गेल्या आठवड्यात एक ढकलपत्र आलं. मजकूर थोडक्यात असा: प्राचीन नॉस्टिक पंथ (ख्रिस्ती धर्माच्या सुरुवातीच्या काळातले, गूढ ज्ञानाने मुक्ती मिळते मानणारे) प्राण्यांवरच्या दयेपोटी शुद्ध शाकाहारी होते, चर्चने ते ज्ञान दडपलं, आता ते पुन्हा सापडलंय, तेव्हा दूध-अंडी-मांस सोडा आणि आत्मा मोकळा करा. खाली हात जोडलेल्यांची ही रांग.

मी स्वतः दीड वर्षापूर्वी दूध सोडलंय, त्यामुळे वीगन मंडळींशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते या 'प्राचीन ज्ञाना'च्या शिक्क्याशी.

एक तर नॉस्टिकांचा असा एकच आहार नव्हता. दुसऱ्या शतकातला बिशप आयरेनियस या सगळ्यांचा कट्टर विरोधक. तो सांगतो की सॅटर्निनस या नॉस्टिक गुरूच्या गोटातले बरेच जण मांस वर्ज्य करतात. आणि तोच व्हॅलेंटिनस या दुसऱ्या गुरूच्या लोकांबद्दल तक्रार करतो, की हे मूर्तींना वाहिलेलं मांससुद्धा बिनदिक्कत खातात. 1945 साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ जुन्या पोथ्या सापडल्या, त्यांतल्या थॉमसच्या शुभवर्तमानात तर येशू शिष्यांना म्हणतो की लोक पुढ्यात वाढतील ते खा, तोंडात जातं त्याने माणूस विटाळत नाही. हे त्या ढकलपत्रात कसं आलं नाही बुवा?

आता ज्यांनी खरोखर मांस सोडलं त्यांचं बघू. मानी, जन्म इ.स. 216, बाबिलोनिया (आजचा इराक). नॉस्टिक वळणाचा स्वतःचा धर्म काढणारा प्रेषित. त्याच्या मते जग म्हणजे प्रकाश आणि अंधार यांची खिचडी. प्रकाशाचे कण सगळीकडे अडकलेत, पण फळं-भाज्यांत जास्त, खरबूज-काकडीत तर भरपूर. प्राण्यांचं शरीर म्हणजे सैतानी गाळ. पंथातले 'निवडलेले' लोक दिवसातून एकदा जेवायचे, आणि त्यांचं पोट ही जणू गाळणी: अन्न आत गेलं की प्रकाश सुटून वर चंद्रावर जाणार. चंद्र पंधरा दिवस भरत जातो तो याच प्रकाशाने, मग तो सूर्याकडे रिता करतो. (चंद्राच्या कलांचं इतकं रुचकर स्पष्टीकरण मी दुसरीकडे वाचलेलं नाही.)

पण रोप उपटलं, फळ तोडलं, कणीस कापलं तर प्रकाशाला इजा होते. म्हणून निवडलेल्यांनी यातलं काहीच करायचं नाही. मग करायचं कोणी? 'ऐकणाऱ्यां'नी, म्हणजे पंथातल्या साध्या गृहस्थांनी. शेती त्यांची, दळण त्यांचं, भट्टी त्यांची. निवडलेले लोक भाकरी हातात घेऊन प्रार्थना करत, असं चौथ्या शतकातला एक ख्रिस्ती ग्रंथ सांगतो. तिचा आशय असा: मी तुला कापलं नाही, दळलं नाही, मळलं नाही, भट्टीत घातलं नाही; हे दुसऱ्याने केलं, मी निर्दोष राहून खातो.

या प्रार्थनेत दया कुठे दिसते, सांगा.

शेवगा

पडवळ, लिहिलंय छान, पण मुद्दा पटला नाही. बकरीच्या दृष्टीने तिला का सोडलं याला काय महत्त्व? दयेने सोडलं, प्रकाशासाठी सोडलं की डॉक्टरने सांगितलं म्हणून सोडलं, बकरी जिवंत आहे.

आणि परिणाम बघा की. आठव्या शतकात उइघुर या भटक्या तुर्की लोकांच्या खगानाने, म्हणजे राजाने, मानीचा धर्म घेतला. मंगोलियात काराबल्गासून इथे शिलालेख आहे, त्यात म्हटलंय की रक्ताच्या वाफांनी भरलेला हा देश भाज्या खाणाऱ्यांचा देश झाला. घोड्यावर जन्म काढणारे, मांसावर जगणारे लोक हो. तुमचा गाळणीचा सिद्धांत हास्यास्पद असेल, पण त्याने गवताळ प्रदेशात भाजी नेली!

पडवळ

शिलालेख राजाचा आहे, शेवगाताई. राजे आपल्या शिलालेखांत काय काय लिहितात ते आपल्याला ठाऊक आहे. त्या मंगोलियात आजही जेवण म्हणजे मुख्यतः मटण आणि दूधदुभतं.

मालवणी_तिखट

मला एवढंच सांगा, मासे चालायचे का?

जुनी_वही

मालवणीभाऊ, मानीवाल्यांत नाही. पण फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या काथारांत, म्हणजे चर्चने पाखंडी ठरवलेल्या एका ख्रिस्ती पंथात, चालायचे! बाराव्या-तेराव्या शतकातली गोष्ट. त्यांचे दीक्षित लोक मांस, अंडी, दूध, चीज, चरबी काहीच खात नसत, पण मासे आणि वाइन चाले. कारण असं की समागमातून जन्मलेलं सगळं अशुद्ध, आणि मासे पाण्यात आपोआप निपजतात ही त्या काळची समजूत.

मालवणी_तिखट

म्हणजे आमच्यातलेच. विषय संपला, मी बांगडे आणायला चाललो.

जुनी_वही

पडवळ, तुमच्या साक्षीदारांबद्दल बोलायचंय. आयरेनियस शत्रू. ती भाकरीची प्रार्थना ज्या ग्रंथात आहे तो मानीची खिल्ली उडवायलाच लिहिलेला. शत्रूच्या तोंडून ऐकलेला पंथ शत्रूला हवा तसाच दिसणार.

मानीपंथीयांची स्वतःची साक्ष घ्या. जर्मनीत कोलोनच्या विद्यापीठात एक ग्रीक पोथी आहे, काड्यापेटीएवढी, पानं जेमतेम साडेचार सेंटिमीटर उंच. तिच्यात मानीच्या लहानपणाच्या कथा आहेत. तो ज्या स्नानव्रती पंथात वाढला तिथले लोक भाजीपाला लावत. एकाने कोयत्याने भाजी कापली तर तिच्यातून माणसासारखं रक्त वाहिलं आणि ती माणसाच्या आवाजात रडली. खजुराचं झाड त्याच्याशी बोललं. आता सांगा, कापलेल्या भाजीचं रडणं ज्या मुलाला ऐकू आलं त्याच्या मनात दया नव्हती? सिद्धांत नंतर आला असेल. आधी ते रडणं आलं.

दुसरं, या लोकांनी भाजीची किंमत मोजलीय. 1051 च्या नाताळात जर्मनीतल्या गोस्लार गावी सम्राट तिसऱ्या हेन्रीसमोर काही जणांना फासावर चढवलं. ते पाखंडी आहेत हे ओळखायची खूण काय, तर त्यांनी कोंबडी मारायला नकार दिला. इतिवृत्तकाराने त्यांना मानीपंथीच म्हटलंय. चीनमध्येही सोंग राजघराण्याच्या काळातले अधिकारी अशा लोकांना 'भाजी खाऊन सैतान पुजणारे' म्हणत. ताटात काय आहे यावरून माणूस पकडायचा, हे फार जुनं आहे.

पडवळ

पोथीचा मुद्दा मान्य, बिनशर्त. ती कथा माझ्या मांडणीत यायला हवी होती.

पण शत्रूची साक्ष म्हणून ऑगस्टिनला, म्हणजे पुढे ख्रिस्ती संत झालेल्या बिशपला, बाजूला सारता येणार नाही. तो नऊ वर्षं स्वतः त्यांचा 'ऐकणारा' होता, म्हणजे आतला माणूस. आपल्या आत्मकथनात तो सांगतो की अंजीर तोडताना अंजीर रडतं आणि त्याची आई, म्हणजे झाड, दुधाचे अश्रू ढाळते, यावर आपला विश्वास होता. अंजिराचा, उंबराचा चीक ज्याने बघितलाय त्याला ही कल्पना कुठून आली ते लगेच कळेल. पण पुढचं वाक्य जास्त बोचरं: तेच अंजीर दुसऱ्याच्या पापाने तोडलं गेलं असेल तर संताने खुशाल खावं, त्याच्या पोटातून देवदूत बाहेर पडतात. आणि पंथाबाहेरच्या भुकेल्या भिकाऱ्याला त्यातला घास देणं हे पाप.

उकळलेलं_पाणी

आमचं घर जैन आहे. 'ऐकणारे' हा शब्द वाचून हसू आलं, कारण आमच्याकडे गृहस्थाला श्रावकच म्हणतात, म्हणजे शब्दशः ऐकणारा. मानी तरुणपणी भारताच्या बाजूला येऊन गेला होता. कोणी कोणाकडून काय घेतलं या वादात मी पडत नाही.

पण पडवळ, तुम्ही थट्टा करताय ती रचना आम्ही रोज जगतो, म्हणून दोन फरक सांगते. आमच्या साधू-साध्वींसाठी मुद्दाम काही शिजवलं तर त्यांना ते चालत नाही. घरात घरच्यांसाठी झालेल्या स्वयंपाकातलं थोडं थोडं, चार घरांतून, अशी गोचरी असते. आपल्यामुळे जास्तीचं रोप कापलं जाऊ नये हा हेतू. तुमच्या निवडलेल्यांसाठी तर मुद्दाम टोपल्या यायच्या. दुसरं, श्रावकाला मांस चालेल असं आमच्यात कधीच नाही. व्रत साधूचं मोठं, गृहस्थाचं छोटं, पण दिशा एकच. मानीवाल्यांचा ऐकणारा मांस खाऊ शकायचा हे ऑगस्टिननेच एका पत्रात लिहिलंय ना? मग तो शाकाहारी पंथ कसला? तो शाकाहारी पुरोहितांचा पंथ.

शेवगा

हे भारी आहे. पण सगळं गृहस्थांवर लादलं नाही, हा शहाणपणाही असू शकतो ना? जमेल तेवढं कर, पुढच्या जन्मी बघू.

तुलूझकर

नोकरीनिमित्त सहा वर्षं दक्षिण फ्रान्समध्ये तुलूझला आहे. मोंसेगुरचा डोंगर इथून दोनेक तासांवर. 16 मार्च 1244 ला किल्ला पडल्यावर दोनशेहून जास्त काथारांनी धर्म सोडायला नकार दिला आणि त्यांना पायथ्याशी जाळलं. तिथे आता एक दगडी स्मारक आहे. वर चढायला आपल्या एखाद्या मध्यम गडाएवढा दम लागतो.

मला तिथे दया-बिया आठवली नाही. जग मुळातच वाईट देवाने केलंय असं मानणारी माणसं होती ती. मूल जन्माला घालणं म्हणजे आणखी एक जीव कैदेत टाकणं. अंडं नको, कारण ते त्याच कैदेचं दार. वीगन मित्रांनी हे वारसा म्हणून मिरवायचं असेल तर पूर्ण मिरवावं, लग्न-मुलांसकट.

आणि गंमत: या सगळ्या प्रदेशाला पर्यटनासाठी 'काथारांचा देश' म्हणतात, पाट्या जागोजागी. त्या पाट्यांखालच्या हॉटेलांत खायला काय? कासुले. पांढरा घेवडा, त्यात बदक आणि डुकराचं मांस.

वरण_भात_लिंबू

मी आहारतज्ज्ञ आहे, इतिहास मला कळत नाही. धागा वाचून कोणी सगळं प्राणिज सोडणार असेल तर ब जीवनसत्त्वातलं बी-12 तपासून घ्या आणि गोळी सुरू करा. ते वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. खरबुजातून तर नाहीच.

एकादशी_दुप्पट_खाशी

सगळे संत झाले, आता मी बोलते. पडवळ, शीर्षकात प्रश्न विचारलात आणि पुढे चंद्रावर गेलात. भाजी कोण चिरत होतं? आमच्याकडे आजेसासरे कडक माळकरी. कांदा-लसूण नाही, चातुर्मासात वांगं नाही. देवमाणूस. त्यांच्यासाठी सासूबाई पहाटे वेगळ्या भांड्यांत वेगळा स्वयंपाक करायच्या आणि मग बाकी दहा जणांचा. भाकरीची ती प्रार्थना वाचून मला तेच आठवलं. त्यात निदान 'दुसऱ्याने केलं' असं मोठ्याने म्हणत तरी होते.

मालवणी_तिखट

बांगडे खाऊन आलो. मघाशी मस्करी केली, आता खरं सांगतो. माझी मावशी वेंगुर्ल्याकडे काजूच्या कारखान्यात बी फोडायची. काजूच्या टरफलात जो चीक असतो तो लागला की कातडी जळते, काळी पडते. बायका हाताला तेल लावतात, राख चोळतात, तरी बोटं जातातच. तिच्या बोटांवरच्या रेषा पुसल्या गेल्या होत्या, आधार कार्डाच्या वेळी मशीन बोटं घेईना.

मुंबईतली माझी पुतणी वीगन आहे. गायीला त्रास नको म्हणून काजूचं दूध पिते. गुणी पोर आहे, तिला मी काही बोललो नाही. ते अंजिराचं रडणं वाचलं आणि मावशी आठवली, एवढंच.

शेवगा

मी काजूचंच दूध पिते. आता उद्या सकाळी चहात काय घालू ते सांगा.

मालवणी_तिखट

नारळाचं काढा. पण खोबरं स्वतः खवा.