6 बाय 2 बाय 2 चा खाऱ्या पाण्याचा टँक: सम्प, पाइप, चिलर कुठे बसवू?

खारंपाणी_पुणे
नमस्कार मंडळी, चार वर्षं प्लांटेड टँक (पाणवनस्पतींचं ॲक्वेरियम) सांभाळलाय, आता पहिल्यांदाच खाऱ्या पाण्यात उतरतोय. टँक 6 बाय 2 बाय 2 फूट, म्हणजे साधारण 680 लिटर, काच अजून कापायला दिलेली नाही म्हणून आत्ताच विचारतोय. फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे, टँक हॉलमध्ये ड्राय बाल्कनीच्या भिंतीला लागून. स्टँडखाली 4 फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच सम्प (टँकचं पाणी खाली उतरून जिथे गाळलं जातं ती टाकी), त्यात पाणी 14 इंचांवर ठेवायचा विचार आहे. खाली उतरणारा दीड इंची पाइप एकच, रिटर्नचं, म्हणजे पंपाने पाणी परत टँकमध्ये सोडणाऱ्या पाइपचं नोझल पाण्याखाली 4 इंच, आणि उरलेल्या दोन फुटांत सम्पशेजारी चिलर (पाणी थंड ठेवणारं मशीन). आमच्याकडे उन्हाळ्यात लाइट बऱ्याचदा जाते, खालच्या काकूंच्या छतातून पाणी गळायला लागलं तर कसं तोंड दाखवणार, म्हणून काय चुकतंय ते स्पष्ट सांगा.

रीफवेडा_ठाणे
दादा, काच कापायच्या आधी विचारलंस हे फार बरं केलंस. लाइट गेली की पंप थांबतो आणि रिटर्नचा पाइप सायफन होऊन उलटा ओढायला लागतो, नोझल उघडं पडेपर्यंत थांबत नाही. नोझल 4 इंच खाली म्हणजे 6 गुणिले 2 गुणिले एक तृतीयांश, 4 घनफूट, 113 लिटर पाणी खाली येणार. सम्पमध्ये वर शिल्लक जागा 4 इंच, म्हणजे 57 लिटरची. बाकीचे 56 लिटर थेट फरशीवर! नोझल एक इंचाच्या आत ठेव, मग टँकमधून 28 लिटरच्या आसपास येतील, त्यात ओव्हरफ्लो बॉक्स (टँकच्या कडेचा कप्पा, ज्यातून पाणी खाली उतरतं) आणि पाइपांमधलं थोडं धर. सम्प 10 इंचांवर चालव, म्हणजे 113 लिटरची जागा मोकळी राहते. पाणी उलटं येऊ न देणाऱ्या चेक व्हॉल्व्हच्या भरवशावर राहू नकोस, एखादी गोगलगाय अडकली किंवा मीठ धरलं की तो नीट बंद होत नाही.

आणि खाली येणारा पाइप एकच नको, तीन ठेव. पहिला पूर्ण भरून वाहणारा, त्यावर गेट व्हॉल्व्ह लावायचा म्हणजे बारीक ॲडजस्ट होतो आणि आवाज येत नाही, दुसरा थोडंसंच पाणी नेणारा, तिसरा एरवी कोरडा, पहिला तुंबला तरच कामाला येणारा. भोकं काच जोडायच्या आधी पाडून घे, टफन्ड काचेला नंतर भोक पडत नाही, ती फुटते. पाइप यूपीव्हीसी, पंपाजवळ युनियन (हाताने उघडता येणारा जोड) हवंच, नाहीतर पंप धुवायला दर वेळी पाइप कापत बसशील. प्लंबर सवयीने पितळी व्हॉल्व्ह आणेल, तो परत पाठव, पितळेत तांबं असतं आणि कोरल, कोळंबी तांब्याने मरतात.

समुद्रओढ_नाशिक
चिलर कपाटात अजिबात ठेवू नका. तो पाण्यातली उष्णता काढून बाहेर टाकतो, शिवाय स्वतःच्या कॉम्प्रेसरची वेगळी, बंद कपाटात तीच गरम हवा परत ओढतो आणि एप्रिल-मेमध्ये पाणी 26 डिग्रीला ठेवताना थांबतच नाही. मी पहिल्या टँकला हे केलं आणि एका उन्हाळ्यात दोन कोरल गेले, अजून वाईट वाटतं. तुमची ड्राय बाल्कनी भिंतीपलीकडेच आहे ना, चिलर तिकडे न्या, त्याला छोटा वेगळा पंप द्या, दोन्ही नळ्यांना फोम गुंडाळा. तिथे नहाणी ट्रॅप असतोच, त्यामुळे पाणी बदलणंही सोपं जातं.
स्विचबोर्ड सम्पच्या वर नको, बाजूच्या भिंतीवर घ्या, खारं पाणी उडून सॉकेटमध्ये मीठ बसतं. प्रत्येक वायर आधी खाली झोल देऊन मग वर सॉकेटला न्या, म्हणजे ओघळ झोलावरून खाली पडतो. 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) लावाच, यात काटकसर करू नका.

बांधकाम_भाऊ
पाइपांआधी वजन बघा. पाणी, 12-15 एमएमची काच, दगड, वाळू, सम्प, स्टँड मिळून टनाच्या वर जातं आणि ते सगळं साधारण 1.1 चौरस मीटरवर. घरातला स्लॅब वापराच्या भारासाठी साधारण 200 किलो प्रति चौरस मीटर धरून डिझाइन करतात, भार आजूबाजूला थोडा पसरतो हे खरं, पण अंदाजावर जाऊ नका. भिंतीखाली बीम आहे का ते सोसायटीकडच्या स्ट्रक्चरल ड्रॉइंगमध्ये बघून इंजिनिअरकडून लेखी घ्या.

खारंपाणी_पुणे
सगळ्यांचे मनापासून आभार, 56 लिटरचा हिशोब वाचून रात्री झोप लागली नाही. ड्रॉइंग मागवलंय. नोझल वर घेतलं, सम्प 10 इंच, चिलर ड्राय बाल्कनीत. एकच शंका, तिसऱ्या कोरड्या पाइपवरही व्हॉल्व्ह लावू का, असावा म्हणून?

रीफवेडा_ठाणे
नको. चुकून कोणी बंद केला तर ज्या दिवशी गरज पडेल त्याच दिवशी तो तुंबलेला सापडेल. तो मोकळाच सोड. आणि स्टँडला पुढच्या बाजूने मधला खांब नको, सम्प कधी गळला तर बाहेर काढता आला पाहिजे, वर स्किमरचा (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राचा) कप उचलायला हात जाईल एवढी जागा ठेव. मीठ घालायच्या आधी साध्या नळाच्या पाण्यावर आठवडाभर चालव, दिवसातून दोन-तीनदा मेन स्विच बंद करून सम्पमध्ये पाणी कुठवर चढतं तिथे मार्करने रेघ मार आणि फोटो इथे टाक.