मदत हवी आहे : मुलांना फोटोचा कंटाळा येऊ नये म्हणून काय करता?

नमस्कार मंडळी. डिसेंबरमध्ये आईबाबांच्या लग्नाला 40 वर्षं होतात. सगळं घर नागपुरात जमणार आहे, तेव्हा कुटुंबाचे फोटो काढायचे आहेत. मुलं तीन : माझी मुलगी 6 वर्षांची, भाचा 4 चा आणि पुतणी दीड वर्षाची.

मागच्या वर्षी एका स्टुडिओत गेलो होतो. दुपारी दोनची वेळ, म्हणजे नेमकी झोपेची. कडक कपडे, डोळ्यांवर दिवे आणि आम्ही सगळे एकसुरात "हस ना, इकडे बघ ना!" मुलगी रडायला लागली आणि मी तिच्यावर ओरडले. ते मला अजून लागतं. फोटोत ती हसते आहे, पण डोळे सुजलेले दिसतात.

यंदा बाहेर काढायचं ठरवतोय. सेमिनरी हिल्सचं जपानी गार्डन की महाराजबाग? महाराजबागेत प्राणी आहेत, मुलं रमतील. पण मग कॅमेऱ्याकडे बघतील का? डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, म्हणून चारला सुरुवात करावी म्हणते. तेव्हा ऊन कोवळं असतं, डोळे बारीक करावे लागत नाहीत. दीड वर्षाच्या पुतणीची झोपही झालेली असेल.

आधी सगळ्यांचा एकत्र फोटो घ्यावा की आधी मुलांना मनसोक्त खेळू द्यावं? आजोबांनी गोष्ट सांगायची आणि फोटोग्राफरने दुरून टिपायचं, असं कुणी केलंय का? लहानग्यांशी धीराने वागणारा फोटोग्राफर निवडताना त्याला आधी काय विचारावं, तेही सांगा.