हिप्नोथेरपी: यूकेत कुठली मेंबरशिप घ्यावी आणि सुपरव्हायझर कसा शोधावा?

रेवा_लेस्टर
नमस्कार मंडळी, इथे कोणी यूकेत हिप्नोथेरपी (संमोहन उपचार) करणारं आहे का? मी लेस्टरला असते, पंधरा वर्षं आयटीत काढली आणि गेलं दीड वर्ष शनिवार-रविवार क्लास करून डिप्लोमा पूर्ण केला, सर्टिफिकेट मागच्या महिन्यात हातात आलं. जिथून कोर्स केला त्यांचंच एक रजिस्टर आहे, वर्षाला पैसे भरा, लोगो वेबसाइटवर लावा, झालं. बॅचमधले काही जण म्हणतात त्याला बाहेर कोणी विचारत नाही, सीएनएचसीचंच (कॉम्प्लिमेंटरी अँड नॅचरल हेल्थकेअर काउन्सिल) घे. आणि सुपरव्हिजन हवं, सुपरव्हिजन हवं असं सगळे म्हणतात पण ते नक्की कसं असतं, माणूस कसा निवडायचा हे कोर्समध्ये कोणी धड सांगितलंच नाही.

खरं कारण सांगते. मंडळातल्या मैत्रिणीच्या सासूबाई झोप लागत नाही म्हणून माझ्याकडे आल्या. दुसऱ्या सेशनला ट्रान्समध्ये, म्हणजे संमोहित अवस्थेत, असताना अचानक हमसून हमसून रडायला लागल्या. शिकवलं होतं तसं मी हळूहळू बाहेर आणलं, पाणी दिलं, शेजारी बसून राहिले. बरं वाटतंय म्हणाल्या, पण पुढची अपॉइंटमेंट घेतली नाही. त्या रात्री मलाच झोप नाही. मैत्रीण रोज विचारते आईंचं कसं चाललंय. नवऱ्यालाही सांगता येत नाही. कोणाशी बोलू?

मँचेस्टरचा_मिलिंद
मी स्वतः थेरपिस्ट नाही, माझी बायको आहे, त्यामुळे कागदपत्रांची बाजू मला तोंडपाठ झालीये. पहिली गोष्ट म्हणजे इथे 'हिप्नोथेरपिस्ट' या नावाला कायद्याचं संरक्षण नाही, उद्या कोणीही पाटी लावू शकतं. 1952 चा हिप्नोटिझम अ‍ॅक्ट आहे पण तो स्टेजवरच्या संमोहनाच्या खेळांसाठी, उपचारांसाठी नाही. त्यामुळे सगळं ऐच्छिक रजिस्टरवर चालतं आणि रजिस्टर-रजिस्टरमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. 2009 मध्ये बीबीसीच्या ख्रिस जॅक्सन या पत्रकाराने आपलं जॉर्ज नावाचं मांजर तीन संस्थांमध्ये नोंदवून दाखवलं होतं! मांजराला मेंबरशिप मिळाली कारण कागद कोणी तपासलेच नाहीत.

सीएनएचसी 2008 ला सुरू झाली आणि तिच्या रजिस्टरला प्रोफेशनल स्टँडर्ड्स ऑथॉरिटीची मान्यता आहे, म्हणजे रजिस्टर चालवणाऱ्यांवरही कोणीतरी लक्ष ठेवून आहे. हिप्नोथेरपीसाठी किमान 450 तासांचं शिक्षण लागतं आणि त्यातले 120 तास शिक्षकांबरोबरचे. तुमच्या कोर्सचे तास आधी तपासा. नॅशनल काउन्सिल फॉर हिप्नोथेरपी आणि जनरल हिप्नोथेरपी रजिस्टर या दोन जुन्या व्यावसायिक संस्था आहेत, बरेच जण यातल्या एकीची मेंबरशिप आणि वर सीएनएचसी असं दोन्ही घेतात. बीएससीएएच नावाचीही एक आहे पण ती डॉक्टर, डेंटिस्ट, सायकॉलॉजिस्ट, नर्स अशा लोकांसाठी, आयटीतून आलेल्यांना तिथे दार बंद.

कोर्स विकणारा आणि मेंबरशिप देणारा एकच असेल तर तुमच्याविरुद्ध तक्रार आली की तो स्वतःच्याच विद्यार्थ्याचा न्याय करणार, हे मला पटत नाही. संस्थेला एवढंच विचारा, तक्रार कोण ऐकतं आणि नाव काढून टाकायचा अधिकार कोणाला आहे. गुळमुळीत उत्तर आलं तर पैसे भरू नका.

प्राजक्त_फुले
रेवाताई, मीच मिलिंदची बायको नाही हे आधी सांगते, पण नऊ वर्षं हेच काम करतेय 🙂 मेंबरशिपचं मिलिंदनी सांगितलंय ते बरोबर आहे, मी सुपरव्हिजनवर लिहिते कारण माझ्या मते तुम्हाला आत्ता त्याचीच गरज जास्त आहे.

सुपरव्हायझर म्हणजे वर बसलेला साहेब नव्हे. आयटीतल्या अप्रेझलसारखं काही डोक्यात असेल तर ते काढून टाका. महिन्यातून एकदा तुम्ही नाव-गाव न सांगता केस घेऊन जाता, काय केलं, का केलं, कुठे अडलं ते सांगता आणि समोरचा अनुभवी माणूस तुम्हाला न दिसलेलं दाखवतो. माझ्या पहिल्या वर्षातलं सांगते. एक बाई पोटाच्या त्रासासाठी आल्या, आयबीएस (इरिटेबल बाउल सिंड्रोम, आतड्यांचा त्रास) आहे म्हणाल्या. आयबीएसवर हिप्नोथेरपी चालते हे मला माहीत होतं, मँचेस्टरला प्रा. व्होरवेल यांचं 1984 पासूनचं काम आहे, नाइसच्या (उपचारांच्या गाइडलाइन काढणारी इथली संस्था) 2008 च्या गाइडलाइनमध्येसुद्धा तिचं नाव आहे, त्यामुळे मी जोशात तीन सेशन करून टाकली. सुपरव्हायझरने एकच प्रश्न विचारला, "आयबीएस आहे असं म्हटलं कोणी?" मी गप्प. कोणीच म्हटलं नव्हतं, बाईंनी इंटरनेटवर वाचलं होतं. आणि नाइस तरी कोणाबद्दल बोलतंय, तर 12 महिने औषधं घेऊनही ज्यांना फरक नाही त्यांच्याबद्दल. वजन उतरलंय का हेही मी विचारलं नव्हतं. उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी फोन करून जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) जा म्हणून सांगितलं, तपासण्या झाल्या, निघालं दुसरंच काहीतरी आणि त्यावर वेळेत इलाज झाला. तो प्रश्न कोणी विचारला नसता तर मी त्यांना छान रिलॅक्स करत बसले असते. आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

निवडताना बघा की त्या व्यक्तीने सुपरव्हिजनचं वेगळं ट्रेनिंग घेतलंय का आणि ती स्वतः अजून हिप्नोथेरपीचे क्लायंट बघते का. नुसता काउन्सेलर असेल तर तो माणूस म्हणून उत्तम असेल पण ट्रान्समध्ये कोणी रडायला लागलं, ज्याला आपण अ‍ॅबरिअ‍ॅक्शन म्हणतो, तर त्या क्षणी काय बोलायचं हे त्याला सांगता येईलच असं नाही. तुमच्या कोर्सच्या शिक्षकांना शक्यतो घेऊ नका, त्यांच्यासमोर चूक कबूल करणं जड जातं. दोन भेटींच्या मध्ये अडलं तर फोन चालेल का ते विचारा. आणि सगळं लेखी, पैसे किती, नोट्स कोण ठेवणार, कुठल्या परिस्थितीत गोपनीयता मोडावी लागेल. ग्रुप सुपरव्हिजन स्वस्त पडतं आणि दुसऱ्यांच्या केसेस ऐकून खूप शिकायला मिळतं, पण पहिलं वर्ष एकास-एकच घ्या.

आता सासूबाईंचं. रडल्या यात तुमचं चुकलं असं मला वाटत नाही, तुम्ही केलंत ते ठीकच केलंत. अडचण आधीच झाली, त्यांना घेतलंत तिथेच. आपली मंडळं लहान, गणपतीला, दिवाळी पहाटला, हळदीकुंकवाला तेच चेहरे. ज्या बाईने तुमच्यासमोर डोळे मिटून मन मोकळं केलं ती संक्रांतीला तुमच्या हातून तिळगूळ घेताना अवघडणार, आणि सुनेची मैत्रीण म्हटल्यावर घरातलं काही खरं बोलूही शकणार नाही. मी मंडळातलं कोणीच घेत नाही, दुसऱ्या गावच्या थेरपिस्टचं नाव देते. लोक रागावतात, शिष्ट म्हणतात. म्हणू देत.

मानसी_कोथरूड
मी पुण्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. रेवा, ऑनलाइन इथले क्लायंट घ्यायचा विचार असेल तर भारतातलंही माहीत असू दे. आरोग्य मंत्रालयाच्या 2003 च्या आदेशात अ‍ॅक्युपंक्चर आणि हिप्नोथेरपी या उपचारपद्धती म्हणून धरल्यात, नोंदणीकृत डॉक्टरांनी किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांनी त्या करायच्या. पण 'योग्य' ते ठरवणारी हिप्नोथेरपीची स्वतंत्र काउन्सिल नाही. आमची नोंदणी आरसीआयकडे (रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडिया) असते, ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून, संमोहनासाठी नाही. त्यामुळे वीकेंडचं वर्कशॉप करून पाटी लावलेले भरपूर दिसतात, नावामागे डॉक्टरही लावतात, जे हिप्नोथेरपीच्या जोरावर लावता येत नाही.

सायकोसिसचा (भास-भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार) इतिहास असलेले पेशंट अशा लोकांकडे जाऊन बिघडून आमच्याकडे आलेले मी पाहिलेत. सुपरव्हिजन असतं तर पहिल्याच भेटीत कोणीतरी म्हटलं असतं, थांब, ही तुझी केस नाही. तुमच्या इन्शुरन्समध्ये परदेशातले क्लायंट बसतात का तेही लेखी विचारून घ्या.

उनाड_पाऊस
क्लायंटच्या बाजूने लिहितो. आई गेल्यानंतर मुंबईत एकाकडे गेलो होतो. दुःख हलकं करायला गेलो तर त्याने मला मागच्या जन्मात नेलं आणि आईच्या जाण्याला मीच कारणीभूत होतो असं काहीतरी त्यातून निघालं. तेव्हा मला ते शंभर टक्के खरं वाटलं, चित्रं दिसत होती ना डोळ्यांसमोर. दोन वर्षं मी ते ओझं वागवलं. तक्रार करायला गेलो तर कळलं करायची कुठे, सर्टिफिकेट त्याच्याच गुरूच्या संस्थेचं. रेवा, तुम्ही एका बाईच्या रडण्याने झोपला नाहीत हे वाचून खरंच बरं वाटलं.

प्राजक्त_फुले
@उनाड_पाऊस, वाचून फार वाईट वाटलं. ट्रान्समध्ये दिसलेलं खरंच घडलेलं असतं असं नाही, तिथे आठवणी तयारही होतात आणि खऱ्याइतक्याच खऱ्या वाटतात. तुम्ही कारणीभूत नव्हतात.

रेवा_लेस्टर
सगळ्यांचे मनापासून आभार, पाऊस तुमचे जास्तच. कोर्सचे तास तपासले, 450 भरतात. संस्थेच्या रजिस्टरचे पैसे भरत नाहीये, नॅशनल काउन्सिल फॉर हिप्नोथेरपीचा फॉर्म भरायला घेतलाय, त्यानंतर सीएनएचसी. दोन सुपरव्हायझरना मेल केला होता, एकीने अर्धा तास फोनवर बोलून घेतलं, शिवाय तिची स्वतःची सुपरव्हायझर आहे हेही आपणहून सांगितलं. गुरुवारी पहिली भेट. मैत्रिणीला सांगितलं की आईंबद्दल मी काहीच बोलू शकत नाही, त्यांनाच विचार. थोडी खट्टू झाली.
सासूबाईंना दुसऱ्या कोणाचं नाव द्यायचंय, पण फोन आत्ता करू की गुरुवारनंतर?

प्राजक्त_फुले
गुरुवारनंतर. काय बोलायचं ते आधी सुपरव्हायझरसमोर बोलून बघा, मग करा. आणि त्यांच्याच मोबाइलवर करा, घरच्या लँडलाइनवर नको.