जन्मदाखला मराठीत आहे: अमेरिका आणि कॅनडा, दोन्हीकडे एकच भाषांतर चालेल का?

किल्लेदार_२२
माझा जन्मदाखला आणि आमचा विवाहदाखला, दोन्ही मराठीत. नोंदी हाताने लिहिलेल्या. अमेरिकेत आय-४८५ (ग्रीन कार्डचा अर्ज) भरायचाय, शिवाय कॅनडाच्या पीआरचा (कायम वास्तव्याचा) अर्जही करायचाय. एजंट म्हणतो नोटरी आणि अपॉस्टिल (परदेशात वापरायच्या कागदावरचं सरकारी साक्षांकन) दोन्ही लागतं. खरंच लागतं का? बायकोने भाषांतर केलं तर चालेल का? तिचं इंग्रजी उत्तम आहे. आणि एकाच संचात दोन्ही अर्ज भागतील का?

शाईचा_डाग
अमेरिकेपुरतं बोलायचं तर दोन्ही लागत नाही. यूएससीआयएसचा, म्हणजे तिथल्या इमिग्रेशन खात्याचा नियम (८ सीएफआर १०३.२) अनुवादकाकडून दोन गोष्टी लेखी मागतो: भाषांतर संपूर्ण आणि अचूक आहे, आणि या भाषेतून इंग्रजीत भाषांतर करायला मी सक्षम आहे. खाली नाव, सही, पत्ता, तारीख. कुठल्या संघटनेचं सभासदत्व असण्याची अट नाही. नोटरी केलीत तर बिघडत नाही, पण ती फक्त सही कुणाची ते सांगते. वरच्या दोनपैकी एक वाक्य राहून गेलं असेल तर कितीही शिक्के मारा, आरएफई (आणखी पुरावा मागणारं पत्र) यायला तेवढं पुरतं. अपॉस्टिल मूळ दाखल्यावरच्या सही-शिक्क्यासाठी असतं, भाषांतराच्या अचूकतेशी त्याचा संबंध नाही. यूएससीआयएस ते मागतही नाही.

बायकोला नियमात स्पष्ट मनाई नाही, तरी टाळाच. अर्जात नाव असलेल्या व्यक्तीचीच सही खाली दिसली की अधिकाऱ्याला शंका घ्यायला निमित्त मिळतं. आणि प्रत्येक दाखल्याला अनुवादकाचं हे स्वतंत्र प्रमाणपत्र जोडा, त्यात दाखल्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक घाला. ‘सोबतच्या सर्व कागदांचं भाषांतर अचूक आहे’ असं एकच मोघम पान लावू नका.

सातव्या_ओळीत
कॅनडात मात्र बायको बादच. आयआरसीसीला (कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याला) अर्जदाराने स्वतः किंवा घरच्यांनी केलेलं भाषांतर चालत नाही. घरचे म्हणजे नवराबायको, आईवडील, भावंडं, आजीआजोबा, मुलं, काका-मावशी, भाचे-पुतणे, इतकंच काय सख्खी चुलत-मावस भावंडंसुद्धा. त्यातलं कुणी वकील, नोटरी किंवा प्रमाणित अनुवादक असलं तरीही नाही.

मग मार्ग दोन. अनुवादक एखाद्या मान्य व्यावसायिक संघटनेचा प्रमाणित सभासद असेल तर त्याचा शिक्का आणि सभासद क्रमांक पुरतो. तसा नसेल तर त्याला प्रतिज्ञापत्र करावं लागतं: हे भाषांतर मूळ कागदाबरहुकूम खरं आहे, अशी शपथ नोटरीपुढे घेऊन. नोटरी अनुवादक राहतो त्या देशातला. तुमच्या एजंटाचं नोटरीचं म्हणणं बहुधा इथून आलं असावं, त्याने ते अमेरिकेलाही चिकटवलं.

याशिवाय मूळ कागदाचं स्कॅन जोडायचं. अनुवादकाने फोटोकॉपीवरून काम केलं असेल तर ती फोटोकॉपी प्रमाणित हवी, आणि तीही घरच्या माणसाने प्रमाणित केलेली चालत नाही. शिक्के इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये नसतील तर त्यांचंही भाषांतर लागतं. द्विभाषिक दाखल्यात लोक इथेच फसतात: मजकूर इंग्रजीत असतो, पण कडेचा गोल शिक्का मराठीत राहून जातो.

तेव्हा संच कॅनडाच्या मापाने करून घ्या आणि प्रमाणपत्रात अमेरिकेची ती दोन वाक्यं शब्दशः घालायला सांगा. मग दोन्हीकडे चालेल.

किल्लेदार_२२
भारी, बरंच सुटलं. दोन अडचणी उरल्या. दाखल्यावर ‘दिपक’ ऱ्हस्व आहे, पासपोर्टात दोन ‘ई’. आणि शिक्का अर्धा पुसलाय. अनुवादकाने काय लिहायचं?

पानसुपारी_नको
नावाचं सोपं आहे. देवनागरीतून रोमन करताना स्पेलिंग कुणीतरी ठरवावंच लागतं, ते पासपोर्टाप्रमाणे ठरवा. ऱ्हस्व-दीर्घाने फरक पडत नाही. पण दाखल्यावर नावच वेगळं असेल, घरचं नाव असेल किंवा वडिलांचं नाव गाळलं असेल, तर अनुवादकाने ते दुरुस्त करायचं नाही. आहे तसं उतरवायचं. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र तुम्ही वेगळं जोडा.

शिक्क्याच्या जागी चौकटी कंसात ‘गोल शिक्का, अंशतः अवाच्य’ आणि वाचता येतात तेवढे शब्द. सहीच्या जागी ‘सही’. अंदाजाने पूर्ण करू नये. कोरा रकाना कोरा आहे असंच नोंदवायचं. मागची बाजू, समासातल्या नोंदी, खोडलेल्या ओळी, सगळं यायला हवं, कारण नियमातलं ‘संपूर्ण’ म्हणजे अगदी संपूर्ण. मांडणी मूळ कागदासारखी, रकान्याला रकाना, म्हणजे तपासणाऱ्याला मराठी येत नसलं तरी जुळवता येतं.

सगळ्यात जास्त घोळ तारखांचा. ०५/०४ तसंच ठेवलंत तर अमेरिकेत ते ४ मे होतं. महिना अक्षरात लिहायला सांगा. हस्तलिखितात १ आणि ९ यांची गल्लत होते, म्हणून दाखल्यावर तारीख अक्षरीही असेल तर तिच्याशी ताडून बघा. शक तारीख असेल तर ती तशीच ठेवून इसवी सन टीपेत.

मसुदा आला की सही व्हायच्या आत पासपोर्ट शेजारी ठेवून स्वतः एकेक अक्षर तपासा. प्रतिज्ञापत्र झाल्यावर चूक सापडली तर सगळं पुन्हा.

चहाटळ_चंदू
घुसतोय मध्येच. यूके आणि ऑस्ट्रेलियाचं पण सांगा ना कुणीतरी.

सातव्या_ओळीत
यूके: अचूकतेची ग्वाही, तारीख, अनुवादकाचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क, म्हणजे त्यांना स्वतंत्रपणे पडताळता यायला हवं. यूकेत राहून मुदतवाढ किंवा आयएलआर (कायम राहण्याची परवानगी) मागत असाल तर अनुवादकाच्या पात्रतेचा तपशीलही.

ऑस्ट्रेलिया: तिथे राहून करत असाल तर ‘नाटी’ (अनुवादकांना प्रमाणित करणारी तिथली संस्था) प्रमाणित अनुवादकच. बाहेरून करत असाल तर ती सक्ती नाही, पण अनुवादकाचं नाव, पत्ता, फोन आणि त्या भाषेतली पात्रता व अनुभव भाषांतरावर लिहिलेला हवा.