शब्दचर्चा: सिलिका 'साठते' का 'साचते'? 'विरघळते' का 'विरते'?

लातूरकर: अकरावीच्या पोरांसाठी भूगोलाच्या नोट्स करायलोय. डायटम, रेडिओलेरिया असल्या बारक्या जीवांची सिलिकाची (वाळू-काचेतलं द्रव्य) कवचं समुद्राच्या तळाशी पडतात त्यावर 'जैविक सिलिका गाळात साठते व विरघळते' असं लिहिलं तर बायको म्हणाली, खताच्या दुकानाची पाटी वाटायलीय. काय लिहू?

परभणीकर: वहिनींचं बरोबरय, 'जैविक' म्हटलं की आपल्याकडं थेट शेणखतच. जीवजन्य म्हणा. अन् साठते नको, पाणी टाकीत साठवतात, डबक्यात साचतं. गाळ पण खटकतो मला, जायकवाडीतला गाळ गोदावरीनं वाहून आणलेला, ही कवचं तर वरून पडायलीत, कुरडयाला गहू वाटून ठेवले की रात्रीतून चीक पातेल्याच्या बुडाला बसतो अन् वर पिवळं पाणी राहतं तसं. 'साका' म्हणा.

पैठणकर: गाळच राहू द्या, त्यात चिकणमाती पण असते की. जीवांचे अवशेष 30 टक्क्यांच्या वर असले तरच त्याला ऊझ म्हणतात, अंटार्क्टिकाभोवती तसा डायटमचा पट्टाच आहे. मला मजा वाटते विरघळण्याची. समुद्राचं पाणी सिलिकासाठी कायम उपाशी, वरची सिलिका डायटमनीच ओढून घेतलेली, त्यामुळं जीव मेला की कवच झिजायला सुरुवात. साधारण निम्मी सिलिका वरच्या 100 मीटरमधेच विरघळून जाते, तळात कायमची गाडली जाते ती शंभरातली तीन-चार. पण खडीसाखरेसारखी नाही जात ती. आधी बॅक्टेरिया वरचं सेंद्रिय आवरण खातात, मग कवचाची भोकं मोठी होतात, भिंत पातळ होते. आजीचं जुनं लुगडं उजेडाला धरलं की आरपार दिसायचं, विरलंय म्हणायची ती. तेच हे.

लातूरकर: मग सगळंच का विरत नाही?

पैठणकर: गाळाच्या कणांमधलं पाणी अडकलेलं, त्यात सिलिका वाढत जाते अन् पुढचं विरणं मंदावतं. मातीतलं अॅल्युमिनियम कवचात शिरलं की ते अजून चिवट होतं.

परभणीकर: आमच्या रानात नांगराला गारगोट्या लागतात, त्या यातल्याच का?

पैठणकर: नाही हो. त्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत पाण्यातली सिलिका बसून झाल्यात, डायटमचा काही हात नाही. समुद्रातल्या साक्याचा लाखो वर्षांनी चर्ट नावाचा टणक दगड होतो, तो गारगोटीचा चुलतभाऊ.

परभणीकर: बघा, साका म्हणालात का नाही 😀

लातूरकर: 'जीवजन्य सिलिका पडते खूप, बहुतेक विरते, थोडी साचते.' चालेल?

परभणीकर: 'बहुतेक विरते' म्हणजे पोरं 'कदाचित विरते' समजतील. 'बरीचशी' करा.