अनुभव धागा : गिअरबॉक्स उतरवण्याआधी तुम्ही काय काय तपासलंत?

माझी गाडी १९ वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिचा दुसरा गिअर टाकताना करकर व्हायला लागली. मेकॅनिकने एक चक्कर मारली आणि निकाल दिला, "बॉक्स उतरवावा लागेल." मला घाई करायची नव्हती, म्हणून आठवडाभर नुसतं लक्ष ठेवलं. तेव्हा ध्यानात आलं की रिव्हर्स टाकताना तर त्याहून जास्त आवाज होतोय आणि इंजिन बंद असताना मात्र सगळे गिअर लोण्यासारखे पडतायत. दोष क्लचचा होता. केबल ताणून लांबली होती, पेडल पूर्ण दाबूनही क्लच नीट सुटत नव्हता. केबल बदलली, पेडलचा फ्री प्ले (क्लच दाबायला लागण्याआधीची पेडलची मोकळी हालचाल) जुळवला आणि करकर थांबली. बॉक्सला हातही लावावा लागला नाही.

एकच गिअर छळत असेल तर त्याच्या सिंक्रो रिंगवर (गिअर पडण्याआधी दोन्ही भागांचा वेग जुळवणारी पितळी रिंग) संशय घ्यावा. सगळेच अडत असतील, विशेषतः रिव्हर्स, तर आधी क्लच बघावा. एवढं मला आधी कुणी सांगितलं असतं तर आठवडाभराची झोप वाचली असती, म्हणून हा धागा. गाडी कुठलीही असो, मॅन्युअल की ऑटोमॅटिक तेही असो. काय बिघडलं, कसं ओळखलं, काय चुकलं, ते मोकळेपणाने लिहा.

*

माझ्या गाडीचा बॉक्स मात्र खरोखरच उतरवावा लागला. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना घरघर यायची आणि क्लचवर पाय दिला की आवाज एकदम बंद. पाय काढला की परत सुरू. क्लच दाबल्यावर इनपुट शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद बॉक्समध्ये आणणारा दांडा, फिरायचा थांबतो, त्यामुळे त्याचं बेअरिंग गेलंय हे बऱ्यापैकी पक्कं होतं. याच्या बरोब्बर उलट, म्हणजे पाय दिल्यावरच आवाज येत असेल, तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग) बघा.

बॉक्स खोलला तेव्हा मी शेजारीच बसून होते. मेकॅनिकदादांनी दुसऱ्या गिअरची पितळी सिंक्रो रिंग काढून माझ्या हातात दिली. आतल्या बाजूला बारीक आटे असतात, ते इतके झिजले होते की नख अडकतच नव्हतं. नव्या रिंगवर नख फिरवलं तर खरखर जाणवली. तो खरखरीतपणाच गिअरवरचं तेल कापून पकड घेतो आणि दोघांचा वेग एक करतो. मग दादांनी रिंग गिअरच्या शंकूवर दाबून मधल्या फटीत फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला. जुन्या रिंगेला फट जवळजवळ उरलीच नव्हती.

एक आवर्जून सांगते. बॉक्स खाली आलाच आहे तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि इंजिनाचं मागचं ऑइल सील तेव्हाच बघून घ्या. खरी मेहनत बॉक्स उतरवण्या-चढवण्याची असते, ती वर्षभरात दुसऱ्यांदा करणं जिवावर येतं.

*

ताई, सिंक्रोबद्दल छान लिहिलंत. त्याला तेलाची बाजू जोडतो, कारण माझं नुकसान तिथेच झालं. मी 'जास्त चांगलं' म्हणून जीएल-४ च्या जागी जीएल-५ (गिअर तेलाचे दर्जे) तेल भरलं. जाडीची ग्रेड तीच होती, ७५डब्ल्यू-९०. पण जीएल-५ मध्ये प्रचंड दाब सोसणारी रसायनं जास्त असतात. ती डिफरन्शियलच्या दातांना मानवतात, मात्र पितळी रिंगांना हवं तेवढं घर्षण मिळू देत नाहीत, आणि काही रसायनं पितळ खातातही. महिन्याभरात वरून खाली गिअर टाकताना अडखळायला लागलं. पुस्तिकेत लिहिलेलं तेल परत भरल्यावर फरक पडला, पूर्ण नाही पण बराच.

तेल स्वतः बदलणार असाल तर आधी भरायचा बोल्ट सैल होतोय का ते पाहा, मगच खालचा काढा. मी आधी सगळं तेल काढलं आणि वरचा बोल्ट गंजून बसलेला निघाला. रिकाम्या बॉक्सची गाडी दोन दिवस स्टँडवर होती. हो, स्टँडवरच. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही गाडीखाली जाऊ नका. काढलेल्या बोल्टच्या चुंबकावर करडी मऊ पेस्ट असेल तर ती रोजची झीज, तिची काळजी नको. बोटांना टोचणारे तुकडे लागले तर मात्र गाडी पुढे चालवू नका.

*

आमची ऑटोमॅटिक. तेलाची पट्टी काढली तर लाल तेलाऐवजी गुलाबी, दुधाळ, घुसळल्यासारखं काहीतरी. रेडिएटरच्या आतला ऑइल कूलर फुटून कूलंट बॉक्सच्या तेलात शिरला होता. आतल्या क्लचच्या अस्तराचा गोंद पाण्याने सुटतो, म्हणून एक किलोमीटरही न चालवता गाडी उचलून नेली. ओढून नेऊ दिली नाही, कारण इंजिन बंद असलं की पंप फिरत नाही, आणि इंजिनाची ताकद ज्यांना मिळते ती चाकं जमिनीवर राहिली तर बॉक्स तेलाविना फिरत राहतो. रेडिएटर बदलला, फिल्टर बदलला आणि तेल पुन्हा पुन्हा काढून भरलं. पॅन एकदा रिकामं केलं तरी टॉर्क कन्व्हर्टरमधलं (ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि बॉक्स यांना तेलाने जोडणारा भाग) तेल तसंच राहतं, त्यामुळे एका फेरीत निम्मंही बदलत नाही. चौथ्या फेरीला लाल रंग दिसला तेव्हा जिवात जीव आला. बॉक्स अजून चालतोय.

*

थोडक्यात लिहितो. दांडा सगळीकडे लुळा हलत होता, तिसरा टाकायला जावं तर पहिला पडायचा. लिंकेजचा, म्हणजे दांडा बॉक्सशी जोडणाऱ्या सळ्यांचा, प्लास्टिक बुश तुटला होता. बोटाच्या पेराएवढी वस्तू, अर्ध्या तासाचं काम.

*

माझी अडचण वेगळी आहे. पाचवा पडतो व्यवस्थित, पण ॲक्सिलरेटर सोडला की आपोआप उडून न्यूट्रलला येतो. बॉक्स खोलायला सांगतायत. काय करू?

*

दादा, खोलण्याआधी माउंट, म्हणजे इंजिन आणि बॉक्स धरून ठेवणारे रबरी आधार, बघा. हँडब्रेक ओढून, बॉनेट उघडं ठेवून कुणाला तरी हलकेच क्लच सोडायला सांगा, आधी पहिल्यात, मग रिव्हर्समध्ये. तुम्ही बाजूला उभे राहा, गाडीसमोर नको. इंजिन आणि बॉक्स मिळून मोठा हेलकावा घेत असतील तर रबर गेलंय आणि तो धक्काच गिअर बाहेर खेचतोय. माउंट घट्ट असेल तर लिंकेजची जुळणी बघा, गिअर पूर्ण आत बसतोय का ते. दोन्ही ठीक निघालं तरच आतल्या दातांवर आणि फोर्कवर (गिअर सरकवणारा काटा) संशय घ्या.

*

आत्ताच करून पाहिलं. मागच्या माउंटचं रबर मधोमध चिरलंय, बॉक्स चांगला दोन बोटं वर उचलला जातोय. नवं माउंट मागवलंय. बसवून चालवली की इथेच कळवतो.